रोजगार हमीची विहीर: माझा अनुभव, आणि ही योजना उभी करणारे वि. स. पागे

आमच्या शेतात रोजगार हमीतून सिंचन विहीर झाली. तिला पाणी लागलं, मोटार बसली, रब्बीची ज्वारी निघाली आणि अनुदानाचा बराचसा भाग खात्यावर आला. बचत गटातल्या बायका आणि भावकीतली पोरं सारखी विचारतात: विहीर घ्यावी का, पैसे खरंच मिळतात का, किती जणांच्या मागं फिरावं लागतं? म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पाचपैकी गुण द्यायचे तर योजनेला पाच देईन. ती आमच्या बांधापर्यंत आणणाऱ्या यंत्रणेला तीन, तेही आमच्या रोजगार सेवकाकडं, म्हणजे गावात या कामांची हजेरी-कागदं बघणाऱ्या पोराकडं, बघून.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला. उपसा सिंचनाचं पाणी शेजारच्या शिवारापर्यंत आलंय, आमच्याकडं अजून नाही. तीन एकर रान, त्यात खडकाळ माळ जास्त. बोअर दोनदा मारलं, दोन्ही वेळा फुफाटा उडाला. विहिरीचा खर्च सहा-सात लाखांच्या घरात, आणि तेवढे पैसे एकदम काढायची ऐपत नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारनं विहिरीचं अनुदान तीन लाखांवरून चार लाख केलं, तेव्हा ग्रामपंचायतीत अर्ज टाकला.

अटी फार अवघड नाहीत. जॉब कार्ड, म्हणजे रोजगार हमीचं मजूर म्हणून नोंदणीचं कार्ड, लागतं. जमीन सलग ०.४० हेक्टर तरी हवी. सातबाऱ्यावर आधी विहिरीची नोंद नसावी. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत खोदता येत नाही. आमची सगळी धावपळ झाली ती सातबाऱ्यामुळं. सासऱ्यांच्या काळातली एक पडकी विहीर नोंदीत होती, पण ती वाटणीत चुलत दिरांकडं गेली होती. ती नोंद आमच्या उताऱ्यावरून कमी करून घ्यायलाच एक पावसाळा गेला. तुमच्या उताऱ्यावर असं काही असेल तर अर्जाच्या आधी तलाठ्याकडं जा. नंतर प्रस्ताव परत येतो आणि रांगेत मागं पडता.

आता योजनेबद्दल. ही योजना दिल्लीहून आली असं नव्या पोरांना वाटतं, कारण कागदावर मनरेगा लिहिलेलं असतं. केंद्राचा कायदा २००५ चा. महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा. आणि त्याआधी १९६५ मध्ये, आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. त्यामागं एकच माणूस होता, विठ्ठल सखाराम पागे. विहिरीचं परीक्षण लिहिताना मी त्यांच्याबद्दल इतकं का लिहितेय, असं वाटेल. पण त्यांनी काय केलं ते कळल्याशिवाय आपण ग्रामपंचायतीत गेल्यावर नेमकं काय मागायचं तेच कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पागे वकील होते, गांधीवादी होते, स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंग भोगला होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि ते विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, अठरा वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. राजकारणात करिअर म्हटलं की आपण मंत्रिपद मोजतो, लाल दिवा मोजतो. मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत त्यांचं नाव कधी ऐकलं नाही. या अठरा वर्षांत यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, कन्नमवार गेले, वसंतराव नाईकांची अकरा वर्षांची कारकीर्द झाली, शंकरराव चव्हाण आले, वसंतदादा आले. सभापतींच्या खुर्चीवर पागेच.

त्या खुर्चीची एक अडचण समजून घ्यायला हवी. सभापती सभागृहात पक्षाच्या बाजूनं भाषण करत नाही, वादात उतरत नाही, आणि मत देण्याची वेळ आली तर ती दोन्ही बाजूंना सारखी मतं पडल्यावरच. म्हणजे ज्या माणसाला राज्यातल्या मजुराबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं होतं, तोच सभागृहात गप्प बसायला बांधलेला. मग त्यांनी दुसरा रस्ता धरला. आकडेमोड करून मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. अमुक रकमेत इतक्या मजुरांना इतके दिवस काम मिळतं, तर सगळ्या राज्याला किती लागेल, असा साधा हिशेब. नाईक स्वतः शेतकरी, त्यांना ते पटलं. योजना राज्यभर न्यायचं ठरल्यावर तिच्या समितीचं काम पाग्यांनीच बघितलं आणि पुढं तिचा कायदा व्हावा म्हणून चिकाटीनं मागं लागले. भाषणबाजी न करता एवढं काम उभं करणारा दुसरा राज्यपातळीवरचा पुढारी मला तरी माहीत नाही.

त्यांची मूळ गोष्ट एवढीच: काम मागणाऱ्या धडधाकट माणसाला सरकारनं काम दिलंच पाहिजे. ‘मागेल त्याला काम’. मदत द्यायची तर दुष्काळ पडल्यावर, तहसीलदाराला दया आल्यावर, असं नाही. माणूस येऊन मागतोय, म्हणजे सरकार बांधील झालं.

याचा फरक काय, ते आमच्या आईच्या तोंडून मी ऐकलंय. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मी सहा वर्षांची होते, धाकटा भाऊ तिच्या पाठीला. राज्यात त्या काळी दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, हे आकडे मी नंतर वाचले. आईला आठवायचं ते वेगळंच. सकाळी अंधारात जाऊन जागा धरायची, कारण दगडाच्या जवळची जागा मिळाली तर वाहायला कमी लागायचं. हातोडीच्या दांड्याला चिंध्या गुंडाळायची. मुकादम फीत लावून ढीग मोजायचा आणि ढिगाचा वरचा शेंडा हातानं सपाट करून मगच माप घ्यायचा. पोरांना सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, ती परदेशातली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. आई म्हणायची, मुकादमाला उलट बोललं तर उद्याच्या हजेरीत नाव नाही. ते काम सरकारनं दिलं होतं, पण ते आमचं नव्हतं. मर्जी फिरली की गेलं.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी मी स्वतः रोजगार हमीच्या पाझर तलावावर गेले, लग्नाआधी. तेव्हा कायदा झालेला होता. काम तेच, माती खणायची, पाट्या भरायच्या, बांधावर टाकायच्या. उनही तेच. पण गावातल्या चार शिकलेल्या पोरांनी आम्हाला सांगितलं होतं की हजेरीतून नाव काढता येत नाही, आणि बाईला गड्याइतकाच दर. आमच्या भागात शेतात आजही बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे देतात. रोजगार हमीत एकच दर आहे आणि तो पहिल्यापासून एकच आहे. म्हणूनच या कामावर बायका इतक्या जास्त दिसतात. तो पाझर तलाव अजून आहे, गाळ भरलाय, पण त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यात आमच्याआधी आटत नाहीत.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तेव्हाही होताच. हमी द्यायची म्हणजे किती लोक येतील ते आधी सांगता येत नाही, मग तिजोरीला तळ कुठं? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या तुमच्या मुला-मुलींना विचारा, पगाराच्या स्लिपवर महिन्याला दोनशे रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हा कर मुळात रोजगार हमीसाठी लावलेला आहे, आणि करातून जेवढं येईल तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं होतं. माझा मुलगा हिंजवडीत आहे. त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या आज्जीच्या वेळेला शहरातल्या माणसांच्या पगारातून माळावरच्या बाईच्या मजुरीची तजवीज करणारी ही रचना आपल्या राज्यात झाली होती, याचा मला फार अभिमान वाटतो. आज देशात कुठल्या योजनेत इतका सरळ दुवा दिसतो?

कायदा झाला १९७७ चा, दोन्ही सभागृहांत एकमतानं. अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. तोवर पागे सभापतिपदावरून उतरले होते आणि सरकारही बदललं होतं. अठरा वर्षांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम पदावर नसताना लागू झालं, आणि ज्यांच्या हातून लागू झालं त्यांनीही ते मोडलं नाही. पुढच्या प्रत्येक सरकारनं त्यात काही ना काही जोडलं. १९९० च्या सुमाराला फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली आणि आमच्या भागात डाळिंब आणि बोरं उभी राहिली. खाजगी शेतात विहिरी त्याच वाटेनं आल्या. माझी विहीर ही त्या लांब ओळीतली शेवटची वस्तू आहे, असं मी मानते.

मुंबईला विधानमंडळात आमदारांना शिकवण्यासाठी पाग्यांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, ते योग्यच आहे. पण ज्या तालुक्याच्या कार्यालयात मजूर काम मागायला जातो, त्या आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर मला त्यांचं नाव कुठं दिसलं नाही. तिथं नाव हवं. त्याखाली ‘मागेल त्याला काम’ हवं, ठळक, बाहेरच्या पडवीत, मजुराला वाचता येईल अशा उंचीवर.

आता खोदाईचा अनुभव. वरची आठ-दहा फूट काळी आणि मुरूम मजुरांनी खणली. आमच्याच आळीतल्या बायका, माझ्यासकट, मी माझ्याच विहिरीवर हजेरीला होते आणि तसं चालतं. खाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण लागला. तिथं कॉम्प्रेसर, सुरुंग आणि फोडलेला दगड वर ओढायची यारी. पोकलेन लावून दोन दिवसांत खड्डा काढायचा आणि मस्टर (मजुरांचा हजेरीपट) घरात बसून भरायचं, असा सल्ला आम्हाला एकापेक्षा जास्त जणांनी दिला. आम्ही ऐकला नाही. पहिलं कारण, ती मजुरी ज्या बायकांची आहे त्या आमच्या शेजारच्या आहेत. दुसरं, तपासणी आली की वसुली लाभार्थ्याच्या नावावर निघते, सल्ला देणाऱ्याच्या नाही.

पाणी पस्तीस फुटांवर दिसलं. पूर्वेच्या अंगाला कपारीतून आधी नुसता ओलावा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला घोटाभर पाणी. टोळीतल्या म्हाताऱ्या गवंड्यानं खाली उतरून कपारीत बोटं घातली, बोटाला लागलेली बारीक वाळू अंगठ्यानं चोळून बघितली आणि वर ओरडून सांगितलं, “झरा जिता हाय, वैनी, अजून पाच-सा फूट जाऊ द्या.” गेलो. आता तीन एचपीची मोटार मार्चमध्येसुद्धा दोन तास चालते. ज्वारी निघाली, अर्ध्या एकरात मेथी आणि कोथिंबीर आहे, पुढच्या पावसाळ्यात डाळिंबाची रोपं लावायची आहेत.

हजेरीचं सांगायला हवं. २०२३ पासून हजेरी मोबाइल ॲपवर. दिवसातून दोनदा कामावरच्या मजुरांचा फोटो चढवायचा. विचार चांगला आहे, खोटी नावं गळतात. पण आमच्या माळावर नेट नाही. रोजगार सेवक सकाळी फोटो काढायचा आणि नेट शोधत वरच्या टेकाडाकडं पळायचा. “काकी, फोटो गेला न्हाई तर आजचा दिवस बुडतोय बघा,” असं म्हणत तो फोन वर धरून उभा राहायचा, आणि खाली खड्ड्यात बायका पाट्या उचलत असायच्या. काम झालंय, घाम गाळलाय, आणि टॉवर नाही म्हणून हजेरी नाही, हे कायद्यात कुठंच बसत नाही. अशा दिवशी ग्रामपंचायतीत लगेच लेखी द्या. आम्ही दिलं, म्हणून बुडालेले काही दिवस नंतर भरून मिळाले. ज्यांनी नुसतं तोंडी सांगितलं, त्यांचे बुडाले ते बुडाले.

मजुरीचा दर आम्ही काम केलं त्या वर्षी २९७ रुपये होता. बाहेर गड्याला पाचशे मिळतात, त्यामुळं तरणी पोरं येत नाहीत. येतात त्या बायका, वयस्कर माणसं आणि ज्यांना गाव सोडून ऊसतोडीला जायचं नाही अशी जोडपी. त्यांच्यासाठी हा दर वाढायलाच हवा. मजुरी मात्र खात्यावर बऱ्यापैकी वेळेत आली, पंधरा-वीस दिवसांत.

सगळ्यात मोठी तक्रार आहे ती कुशलच्या बिलाची. विहिरीच्या अनुदानाचे दोन भाग असतात, अकुशल म्हणजे मजुरी आणि कुशल म्हणजे यंत्र, सुरुंग, सिमेंट, बांधकाम. मजुरी येते. कुशलचा पैसा महिनोन्महिने येत नाही. कॉम्प्रेसरवाला आणि यारीवाला काही वर्षभर थांबत नाहीत, त्यांना आपल्याच खिशातून द्यावं लागतं. मी सोसायटीचं कर्ज आणि गटातून उचल घेतली. त्याचं व्याज अनुदानात धरलेलं नसतं. कार्यालयात विचारायला गेलं की निधी नाही, वरून आला नाही, पुढच्या सोमवारी या. एकदा तर टेबलापलीकडच्या माणसानं माझ्याकडं न बघता सांगितलं, “विहीर फुकट मिळतीय, तर थोडं थांबायला काय होतंय?”

हे वाक्य मला फार लागलं. विहीर फुकट नाही आणि कुणाची मेहरबानीही नाही. पाग्यांनी आयुष्य वेचलं ते नेमकं हे वाक्य मोडायला. आमच्या आईला मुकादमासमोर जे सोसावं लागलं, तेच पन्नास वर्षांनी तिच्या लेकीला टेबलासमोर ऐकावं लागत असेल तर कायद्यातला जीव कमी झालाय, आणि तो परत आणायचं काम मागणाऱ्यानंच करायचंय. मी त्याच खोलीत बसून बिल केव्हा सादर झालं, मोजमाप पुस्तिकेत कुठल्या तारखेची नोंद आहे आणि पैसा कुठल्या टप्प्यावर थांबलाय, हे लेखी मागितलं. त्यावर सही-शिक्क्याची पोच घेतली. पुढच्या महिन्यात पहिला हप्ता पडला. शेवटचा हप्ता अजून यायचाय आणि त्यासाठी मी पुन्हा अर्ज केलाय.

म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, विशेषतः बायकांना: तोंडी काही मागू नका. मजुरीचं काम हवं असेल तर नमुना ४ भरून द्या आणि तारखेसह पोच घ्या, ती नमुना ५ मध्ये मिळते. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता लागू होतो, पहिले तीस दिवस मजुरीच्या पाव हिश्श्यानं आणि पुढं निम्म्यानं. मजुरी उशिरा आली तर तिच्यावरही भरपाई असते. पोच नसेल तर यातलं काहीच मिळत नाही, कारण तुम्ही मागितलंच नव्हतं असं कागद सांगतो. ग्रामपंचायतीत कोण म्हणालं की “नमुना संपलेत, नंतर या,” तर कोऱ्या कागदावर लिहून द्या, चालतं.

विहीर घ्यावी का? हाताशी दोन-अडीच लाख असतील किंवा तेवढे कमी व्याजानं उचलता येत असतील तर जरूर घ्या. काहीच नसेल तर आधी शेततळं किंवा बांधबंदिस्ती घ्या. त्यात मजुरीचा भाग मोठा, कुशलचा कमी, पैसा अडकत नाही. खडकाची खात्री नसेल तर भूजलवाल्यांचा दाखला नुसता कागद म्हणून घेऊ नका, माणूस शेतात आणून दाखवा. आणि कठडा बांधल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणून सही करू नका. आमच्या शेजारच्या गावात उघड्या विहिरीत वासरू पडलं.

पुढच्या वर्षाच्या आराखड्यात विहीर हवी असेल तर नाव ग्रामसभेत लागतं. बहुतेक गावांत १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबरच्या दरम्यान आराखड्याचा विषय निघतो. सातबारा, आठ अ, जॉब कार्ड आणि आधार जोडलेलं बँक पासबुक यांच्या झेरॉक्स घेऊन जा. आपलं नाव वाचून दाखवायला लावा आणि ठरावाची प्रत मागून घ्या.